डॅशबोर्डमधलं भोक: गाडीचा टेप बदलण्याचा इतिहास लिहायचा तर कुठे शोधायचं?

‘नेट झाली, आता पीएचडीला विषय काय घेऊ?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. त्यामागची भीती ओळखीची आहे. मोठा विषय घेतला तर पेलणार नाही, छोटा घेतला तर गाईड म्हणणार, “यात संशोधन करण्यासारखं काय आहे?” म्हणून आज सल्ला देत बसण्यापेक्षा एक अगदी छोटा विषय घेतो आणि तो कुठपर्यंत जातो ते दाखवतो. विषय आहे जुन्या गाडीत कंपनीने दिलेला टेप काढून तिथे दुसरा बसवणं.

हसू नका. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकताना आपण बहुतेक वेळा ‘शोध कोणी लावला, कधी लावला’ इथेच अडकतो. पण वस्तू विकली गेल्यावर पुढची वीस वर्षं तिचं काय होतं? डेव्हिड एजर्टन यांचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) हे पुस्तक याच प्रश्नावर उभं आहे. शोधांचा इतिहास एक आणि वापराचा इतिहास दुसरा, दोन्ही एक धरू नका, असं ते सांगतात. गाडीचा टेप हे वापराच्या इतिहासाचं फार सोयीचं उदाहरण आहे, कारण गाडीत मालक स्वतःच्या मर्जीने जे थोडंफार बदलायचा त्यात टेपचा नंबर बराच वरचा. इंजिन कोणी बदलत नाही. सीट कव्हर बदललं तरी गाडी तीच राहते. टेप बदलला की मात्र गाडीतला प्रवासच बदलतो.

आधी मोजमाप. १९८० नंतरच्या बहुतेक युरोपीय गाड्यांच्या आणि आपल्याकडच्या २०००च्या आसपासच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये टेपसाठी एक आडवं भोक असायचं. त्यात बसणारा टेप साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. दुकानदार याला ‘सिंगल डिन’ म्हणतात आणि दुप्पट उंचीच्या, म्हणजे १८० बाय १०० च्या भोकाला ‘डबल डिन’. स्टुटगार्टमधली गाडी असो की पुण्यातली, टेप जपानचा असो की जर्मनीचा, तो या मापात बसायचा. माझा प्रश्न एवढाच आहे: हे भोक आलं कुठून, त्यात कोण कोण शिरलं आणि ते बुजलं कसं?

भोक नव्हतं तेव्हा

गाडीतल्या रेडिओची सुरुवात सांगताना सगळे शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्यापासून सुरू करतात. १९३० साली अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं. गॅल्विन यांच्याकडे स्टॉल नव्हता. त्यांनी आपली स्टुडबेकर गाडी बाहेर उभी केली आणि त्यातला रेडिओ येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकवला. या रेडिओचं नाव मोटोरोला, आणि पुढे १९४७ साली कंपनीनेही तेच नाव घेतलं. युरोपात १९३२ साली ब्लाऊपुंक्टचा ‘ऑटोसुपर एएस ५’ आला. किंमत ४६५ राइशमार्क, म्हणजे त्या काळच्या छोट्या गाडीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश.

गोष्ट छान आहे, पण इथे थांबलात तर तुमच्या हातात फक्त जाहिरात राहील. महत्त्वाचं हे की यातला कुठलाही रेडिओ ‘कंपनी फिटेड’ नव्हता. व्हॉल्व्हला जास्त व्होल्टेज लागायचं म्हणून वेगळ्या बॅटऱ्या, स्पीकर दुसरीकडे, एरियल तिसरीकडे. मेकॅनिक गाडी उघडायचा, पत्रा कापायचा, वायरी ओढायचा. म्हणजे गाडीत आवाज आणला तो बाहेरून, नंतर. ‘आधी कंपनीचा टेप होता, मग लोकांनी तो बदलला’ हा आपल्या डोक्यातला क्रम सुरुवातीच्या काळाला लागूच पडत नाही. आधी लोकांनी बसवला, मग कंपन्यांनी तो आत घेतला.

हे वाचून कॅथलीन फ्रान्झ यांचं ‘टिंकरिंग’ (२००५) आठवतं. सुरुवातीच्या अमेरिकन गाडीमालकांनी आपापल्या गाड्यांत केलेल्या खटपटींचा तो इतिहास आहे. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांचा १९९६ चा लेख तर संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचायलाच हवा. अमेरिकन शेतकरी मोटारीच्या इंजिनावर पट्टा चढवून धान्य दळायचे, लाकूड कापायचे, कपडे धुवायचं यंत्र चालवायचे. लेखकांचा मुद्दा असा की वापरणारा माणूस वस्तूचा अर्थ बदलू शकतो. पण त्या लेखाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात: पुढे ट्रॅक्टर, वीज वगैरे आल्यावर ही मोकळीक आटत गेली. हा ‘आटत जाण्याचा’ भाग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माप म्हणजे करार

आता भोकाकडे. अमेरिकेत आणि युरोपात गाड्यांचे रेडिओ वेगळ्या वाटेने गेले. अमेरिकेत जनरल मोटर्सचा स्वतःचा डेल्को विभाग होता, फोर्डने १९६१ साली फिल्को कंपनीच विकत घेतली. गाडी बनवणारा आणि रेडिओ बनवणारा एकाच घरातले. मग भोकाचं माप बाहेरच्यांसाठी सारखं ठेवायची गरज काय? युरोपात गाडीवाला वेगळा आणि रेडिओवाला वेगळा, जसे ब्लाऊपुंक्ट, बेकर, फिलिप्स. गाडी बरेचदा रेडिओशिवाय विकली जायची, भोकावर एक झाकणपट्टी लावून. रेडिओ नंतर डीलरकडे किंवा बाहेर बसवायचा. अशा बाजारात दोन अनोळखी कारखान्यांच्या वस्तू एकमेकींत बसायच्या असतील तर माप आधी ठरलेलं पाहिजे.

ते ठरवलं जर्मनीच्या मानक संस्थेने, म्हणजे डीआयएनने. तुमच्या प्रबंधाचा ए-४ कागदही याच संस्थेच्या १९२२ च्या मानकातून आलेला आहे. गाडीच्या रेडिओसाठीचं त्यांचं मानक क्रमांक ७५४९०. १९८४ साली ते आंतरराष्ट्रीय झालं, आयएसओ ७७३६ या नावाने.

विद्यार्थ्यांना मानकांची कागदपत्रं कंटाळवाणी वाटतात. मला ती तहनाम्यासारखी वाटतात. दोन पक्ष का भेटले, कोणाला काय हवं होतं, कशावर एकमत झालं आणि कशावर झालं नाही, हे सगळं त्यात दडलेलं असतं. भोकाची रुंदी-उंची जुळली तरी मागच्या वायरी बरीच वर्षं जुळल्या नाहीत. वायरींच्या कपलरचं मानक, आयएसओ १०४८७, १९९०च्या दशकात आलं. म्हणजे मधल्या काळात टेप भोकात नीट सरकायचा, पण मागे कुठली वायर कशाची हे प्रत्येक मेकॅनिकने टेस्टर लावून शोधायचं. बाजारातल्या टेपवाल्यांनी रंगांचा आपला रिवाज पाडला: पिवळी कायम चालू बॅटरीची, लाल चावी फिरवल्यावर करंट देणारी, काळी अर्थिंगची, आणि स्पीकरच्या पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी अशा जोड्या. गाडीतल्या कंपनीच्या वायरींना हे रंग ठाऊक नसतात. नवा टेप आणि जुनी गाडी यांच्यात जो दुभाषा लागतो, तो हा मेकॅनिक.

कपलर आल्यावरही भांडण मिटलं नाही. फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत कपलरमधल्या ए-४ आणि ए-७ या दोन पिनांची अदलाबदल केलेली सापडते. परिणाम काय? बाजारातला टेप बसवला की चावी काढल्यावर तो सगळं विसरतो, स्टेशनं पुन्हा लावा, घड्याळ पुन्हा लावा. किंवा उलट, टेप रात्रभर जागा राहून बॅटरी उतरवतो. म्हणून अनेक जोडवायरींत या दोन तारा अदलाबदल करता येतील अशी सोय ठेवलेली असते. ही सोय हाही पुरावाच आहे. मानकाच्या कागदावर ए-४ कायम चालू आहे, रस्त्यावर तो कधी आहे, कधी नाही. नुसता कागद वाचून लिहिलेला इतिहास इथे पहिल्याच टेस्टरला खोटा ठरतो.

गाडी आणखी जुनी असेल तर वायरी आणखी बोलतात. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. आजच्या टेपचा पत्रा निगेटिव्ह असतो. तो तसाच स्क्रूने आवळला तर थेट शॉर्ट. काही जुन्या गाड्यांत सगळ्या स्पीकरची एक बाजू एकत्र करून बॉडीला दिलेली असते. नव्या टेपच्या आउटपुटला तसं चालत नाही, तो जळू शकतो. म्हणून जाणकार माणूस जुन्या गाडीत नवा टेप बसवताना स्पीकरसाठी नव्या जोड-तारा ओढतो. इतिहासकाराने डोकावलं तर त्याला एकाच डॅशबोर्डच्या मागे दोन वायरिंगं दिसतात, एक कारखान्याचं आणि एक मालकाचं. उत्खननात थर दिसतात ना, तसं. जुनं वायरिंग कापून टेप लावून बंद केलेलं, नवं त्याच्या वरून नेलेलं.

टेप बदलावा का लागला?

याचं माझं उत्तर साधं आहे. गाडीचं आयुष्य आणि गाणी साठवण्याच्या तऱ्हेचं आयुष्य यांची जोडी कधी जमलीच नाही. क्रायस्लरने १९५५-५६ च्या सुमारास काही गाड्यांत डॅशबोर्डखाली तबकडी वाजवणारं यंत्र दिलं होतं, ‘हायवे हाय-फाय’ नावाचं, खास हळू फिरणाऱ्या तबकड्यांचं. तबकड्या मोजक्याच, त्याही एकाच कंपनीच्या. काही वर्षांत कारभार आटोपला. १९६६ च्या मॉडेलांपासून फोर्डने एट-ट्रॅक दिला. फिलिप्सची कॅसेट १९६३ ची, तिने एट-ट्रॅकला हळूहळू घरी बसवलं. १९८०च्या दशकाच्या मध्यात सीडी गाडीत आली, मग यूएसबी, मग ब्लूटूथ. या प्रत्येक वळणावर रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या मागच्या पिढीतल्या होत्या, आणि भोक सारखं असल्यामुळेच त्या पुढच्या पिढीत जाऊ शकल्या.

नुसती गाणीच नाहीत, लहरीही बदलल्या. आपल्याकडे खासगी एफएम २००१ साली बंगळुरूत सुरू झालं आणि वर्षभरात मुंबईत पोचलं. ज्या गाडीचा जुना टेप मीडियम वेव्हवर विविध भारती लावून खूश होता, त्याला अचानक शहराचा नवा आवाज ऐकूच येईना. न्यूझीलंडमध्ये याहून गमतीशीर प्रकार घडला. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जपानमधून वापरलेल्या गाड्या मोठ्या संख्येने येऊ लागल्या. जपानचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू होऊन तेव्हा ९० मेगाहर्ट्झला संपायचा, न्यूझीलंडची बहुतेक स्टेशनं त्याच्या वर. गाडी उत्तम, टेप उत्तम, पण ऐकायला जवळजवळ काही नाही. मग एरियलच्या वायरमध्ये लहरी खाली सरकवणारी एक डबी जोडायची किंवा टेपच बदलायचा. दोन देशांच्या रेडिओ धोरणांतला फरक एका छोट्या डबीत सापडतो.

चोर हा वापरकर्ताच

मानकाने एक सोय आणखी कोणाची केली असेल तर चोराची. विचार करा: जी वस्तू कुठल्याही गाडीत बसते ती कुठेही विकता येते. बाहेर काढायची सोपी पद्धत तर मानकाच्या रचनेतच होती, दोन बाजूंच्या छिद्रांत यू आकाराच्या तारा घातल्या की टेप हातात. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गाडीच्या काचेवर ‘नो रेडिओ’ अशी पाटी लावायची पद्धतच पडली होती. आत रेडिओ नाही, कृपया काच फोडू नका, अशी चोराला विनवणी. मला ही पाटी फार मोलाची वाटते, कारण नसलेल्या वस्तूचा लेखी पुरावा इतिहासात क्वचित मिळतो.

कंपन्यांनी उत्तरं शोधली. आधी मूठ लावून अख्खा टेप काढून घरी नेता येईल अशी सोय, मग फक्त पुढची पट्टी खिशात घालता येईल अशी, मग चार आकडी कोड. पण खरं उत्तर वेगळं निघालं. रेडिओलाच असा आकार द्यायचा की तो दुसऱ्या गाडीत बसणारच नाही. १९९६ च्या फोर्ड टॉरसमध्ये रेडिओ आणि एसीची बटणं एकाच लंबगोल पॅनलमध्ये आली. चोराची पंचाईत झाली हे खरं, पण मालकाचीही झाली. एकाच दगडात दोन पक्षी, आणि दुसरा पक्षी मारायचा हेतू होता की नव्हता यावर चांगला वाद घालता येईल. माझं मत असं की सुरुवातीला सजावटीची हौस आणि चोरीची धास्ती हीच कारणं होती. मालक आपल्याच बाजारात अडकून राहतो हा फायदा कंपन्यांना नंतर उमगला. अर्थात, बाजार शांत बसला नाही. लंबगोल पॅनलच्या जागी चौकोनी भोक असलेली फ्रेम विकणारे कारखाने उभे राहिले. भोक गेलं तर लोकांनी भोकच विकत घेतलं!

मुंबई-पुण्यात हे कुठे शोधायचं?

इथे आपल्याकडच्या संशोधकाची खरी कसोटी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या पद्मिनीची, म्हणजे मुळच्या फियाट ११००ची, जन्मकथा मिळेल. वालचंद हिराचंदांवर लिहिलेलं मिळेल. पण गाडी फाटकाबाहेर पडल्यावर तिच्यात टेप कोणी बसवला? आरसी बुकात इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, इंधन सगळं असतं, टेप नसतो. दुकानदाराची पावती असलीच तर ती कधीच कचऱ्यात गेली. लॅमिंग्टन रोडवरची, ऑपेरा हाऊसजवळची, पुण्यात नाना पेठेतली कसबी माणसं आपलं काम लिहून ठेवत नाहीत. मग ‘पुरावा नाही’ म्हणून विषय सोडायचा?

तीन ठिकाणी तरी बघा. पहिलं, पोस्ट ऑफिस. १९८०च्या दशकात रद्द होईपर्यंत आपल्याकडे रेडिओ बाळगायला लायसन्स लागायचं आणि ते पोस्टात दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करायचं. जुन्या घरांत ती पुस्तकं अजून सापडतात.

दुसरं ठिकाण विमा, आणि माझ्या मते हे सर्वांत दुर्लक्षित. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये आयएमटी २४ नावाची एक पुरवणी आहे. गाडीत बसवलेली पण उत्पादकाच्या विक्री किमतीत न धरलेली विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं वेगळी जाहीर करायची आणि त्यांच्या किमतीवर ४ टक्के जादा हप्ता भरायचा. बघा, ‘कंपनीचं’ आणि ‘बाहेरचं’ यांच्यातली रेघ इथे शब्दांत आखली गेली आहे, आणि ती मेकॅनिकने किंवा मालकाने आखलेली नाही, नुकसानभरपाई देणाऱ्याने आखली आहे. ज्यांनी टेप जाहीर केला नाही त्यांच्या दृष्टीने टेप होता, विमा कंपनीच्या दृष्टीने नव्हता. अशा दुहेरी अस्तित्वाच्या वस्तू शोधत राहा, त्यात प्रबंध असतो.

तिसरं, वर्तमानपत्राचं गुन्हेवृत्त. ‘कारटेप’ हा खास मराठी बातमीतला शब्द आहे. कारटेप चोरणारी टोळी, कारटेपसह मुद्देमाल जप्त. उत्पादकाच्या कागदात जी वस्तू सापडत नाही ती पंचनाम्यात सापडते, कंपनी आणि किंमत यांच्यासकट. मात्र सावध राहा. फिर्यादीत किंमत फुगलेली असू शकते, आणि जो टेप चोरीला गेला नाही तो या साधनात कधी येतच नाही. चोराला जे आवडलं त्याचा हा इतिहास आहे, लोकांकडे जे होतं त्याचा नाही. साधनाचा कल ओळखणं म्हणजे काय, हे ‘मेथडॉलॉजी’च्या पेपरात पाठ करण्यापेक्षा इथे लवकर कळतं.

या सगळ्याला ऐकण्याची बाजू जोडायची असेल तर दोन पुस्तकं घ्या. पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) उत्तर भारतातल्या कॅसेट उद्योगावर आहे. कॅरिन बाइस्टरवेल्ड आणि तीन सहलेखकांचं ‘साउंड अँड सेफ’ (२०१४) युरोपातल्या गाडीत बसून ऐकण्याच्या इतिहासावर. पहिल्यात गाडी कमी, दुसऱ्यात आपण नाही. मधली जागा रिकामी आहे, घ्या कोणीतरी.

भोक बुजलं

पुढचा भाग पटकन सांगतो, कारण तो तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. बॉशने १९८०च्या दशकात गाडीतल्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून कॅन नावाची जाळी तयार केली, आणि १९९०च्या दशकात ती गाड्यांत आली. मग टेप नुसता टेप राहिला नाही. स्टिअरिंगवरची बटणं, दाराचे इशारे, पार्किंगचा आवाज, गाडीची सेटिंग, सगळं त्याच्यातून जाऊ लागलं. तो काढला तर गाणीच नाही, गाडीचं अर्धं बोलणं बंद. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या छोट्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, म्हणजे पडदा आलाच. नियम लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी होता आणि योग्य होता, पण त्याने भोकाचा उरलासुरला हक्कही नेला. २०२३ साली जनरल मोटर्सने पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत फोनचा पडदा गाडीत उमटवण्याची सोय काढून घेऊन स्वतःचीच यंत्रणा ठेवायचं ठरवलं. डेल्कोच्या काळातलं ‘एकाच घरातलं’ धोरण अमेरिकेत परत आलं, एवढंच.

लक्षात घ्या, टेप बदलू नका असा कायदा कोणी केला नाही. उलट अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे आपल्याच कंपनीचा भाग वापरला तरच वॉरंटी, अशी अट सहसा घालता येत नाही. कायदा मालकाच्या बाजूने आणि डॅशबोर्ड कंपनीच्या बाजूने, अशी ही स्थिती. फक्त कायदे वाचणारा संशोधक म्हणेल की मालकाचे हक्क शाबूत आहेत. क्लाइन आणि पिंच यांच्या लेखातली आटत जाणारी मोकळीक ती हीच.

‘ओरिजिनल’ म्हणजे कुठली तारीख?

आता ज्या कारणासाठी हा विषय मला तातडीचा वाटतो ते. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवट ३० ऑक्टोबर २०२३ ला झाला. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली होती आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. त्यानंतर या गाड्या जपायला हव्यात अशी मागणी झाली, ती रास्तच आहे. पण जपायची म्हणजे कशी? जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांत मान असतो तो ‘कंपनीतून आली तशी’ गाडीला. मग पहिलं काम काय होतं? नंतर बसवलेला टेप काढला जातो, मागच्या फळीवर कापलेली स्पीकरची भोकं बुजवली जातात, जोडलेल्या वायरी ओढून टाकल्या जातात, आणि डॅशबोर्ड जन्मदिवसासारखा चकचकीत होतो. वीस वर्षांचा वापर एका दुपारी भंगारात.

जर्मनीत याच्या उलटं घडतंय, तेही बघण्यासारखं आहे. पोर्शेने २०२० साली आपल्या जुन्या गाड्यांसाठी नवा रेडिओ विकायला काढला: तोच सिंगल डिनचा आकार, दोन गोल बटणं, मध्ये छोटा टचस्क्रीन, फोन जोडायची सोय. म्हणजे कंपनीने स्वतःच्याच जुन्या भोकात बाहेरच्या दुकानदाराची जागा घेतली, आणि त्याला ‘क्लासिक’ असं नाव दिलं. मग यापुढे त्या गाडीत कंपनीचा कुठला आणि बाहेरचा कुठला, हे ठरवताना आयएमटी २४ ची रेघ उपयोगाची नाही.

तुमच्या घरी, शेजारी, गॅरेजमध्ये अशी एखादी जुनी गाडी दुरुस्तीला किंवा भंगारात निघाली असेल तर मालकाची परवानगी घेऊन एवढं करा. टेप बाहेर काढायच्या आधी समोरून फोटो घ्या. बाहेर काढल्यावर मागचा फोटो घ्या, कपलर आहे की तारा पिळून जोडल्यात ते दिसेल असा. टेपच्या पत्र्यावरचं लेबल वाचा. कंपनी, मॉडेल, एफएमचा पट्टा कुठून कुठपर्यंत. भोक मोजा, कडा कापलेल्या आहेत का बघा. पत्र्याच्या डॅशबोर्डवर हॅक्सॉच्या खुणा लगेच ओळखू येतात. मेकॅनिक जवळ असतील तर कुठली वायर कशाची ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, कारण तेच शब्द पुढे मुलाखतींत तुमच्या कामाला येतील. आणि प्रत्येक फोटोला तारीख, गाव, गाडीचं वर्ष टाका. गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव मात्र वेगळ्या वहीत ठेवा, ते प्रबंधात छापायचं नाही.